सेल्फ मारला की नुसतं ‘कट्ट’? जुन्या मोटारसायकलचा करंट शोधायची रीत

सोलापुरात गाडी चालू होईना म्हटलं की चौकात उभे असलेले चार जण चार पार्ट सांगतात, आणि त्यातला एक तरी ‘सीडीआय गेलाय’ म्हणतोच. सीडीआय, म्हणजे प्लगला वेळेवर ठिणगी द्यायला लावणारा इलेक्ट्रॉनिक डबा, जातो, पण क्वचित. जुन्या गाडीत त्याच्या आधी बॅटरी, तिचे बोल्ट, अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हची चेसिसशी जोड), बटणं आणि सॉकेट जातात. शिवाय इलेक्ट्रिकलचा माल दुकानदार परत घेत नाही. अंदाजाने आणलेला पार्ट चुकला की पैसे गेलेच. त्यामुळे करंट बॅटरीतून निघाल्यावर कुठपर्यंत पोचतो आणि कुठे अडतो, ते आधी शोधायचं. खरेदी त्यानंतर.

इथलं सगळं कार्ब्युरेटरच्या गाड्यांसाठी आहे: सीडी १००, स्प्लेंडर, पॅशन, बॉक्सर, पल्सर, आरएक्स १००, सेल्फवाली बुलेट. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सिक्स इंजेक्शन गाड्यांचं गणित वेगळं. त्यांना ही रीत लावू नका.

साहित्य फार लागत नाही. एक साधा डिजिटल मल्टीमीटर, ८ आणि १० नंबरचा पाना, प्लग पाना, बारीक पॉलिश पेपर आणि एक टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्प घरीच करायचा: इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरींना दोन चिमटे. मीटर असताना हा दिवा कशाला, असं वाटेल. पण वायर आतून तुटून एकच तार उरली असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो आणि आपण फसतो. दिवा फसत नाही. त्याला जवळपास एक अँपिअर ओढायचा असतो, तो त्या एका तारेतून नीट येत नाही आणि दिवा मिणमिणतो. जुन्या वायरिंगमध्ये मीटरपेक्षा दिव्यावर जास्त विश्वास ठेवावा.

आधी तक्रार नेमकी कोणती ते ठरवा

किल स्विच ‘रन’वर आहे का, पेट्रोलचा कॉक उघडा आहे का, गाडी न्यूट्रलला आहे का, हे पाहूनच पुढे जा. हसू येईल, पण गाडी धुताना किंवा पोराने खेळताना किल स्विच बंद होणं ही रोजची गोष्ट आहे.

मग चावी लावून सेल्फ दाबा आणि कान द्या. काहीच आवाज नाही, न्यूट्रलचा हिरवा दिवाही नाही, तर बॅटरी, फ्यूज किंवा चावीचा स्विच. दिवे आहेत पण सेल्फला आवाज नाही, तर सेल्फचं बटण, क्लच स्विच किंवा रिले (बटण दाबलं की मोटरला जाड करंट जोडणारा स्विच). ‘कट्ट’ किंवा ‘कट-कट-कट’ होऊन थांबतं, तर बॅटरी, जाड केबल किंवा मोटर. मोटर ‘घुंईं’ करून मोकळीच फिरते आणि इंजिन हलत नाही, तर वन-वे क्लच (मोटरचं फिरणं इंजिनाला देणारा भाग). हे काम विजेचं नाही, मॅग्नेटची (इंजिनासोबत फिरून वीज तयार करणाऱ्या भागाची) बाजू उघडावी लागते, पुलर लागतो, ते मेकॅनिककडे द्यावं. आणि इंजिन व्यवस्थित फिरतंय पण पेटत नाही, तर प्लगच्या करंटकडे वळायचं.

एक फसवी गोष्ट लक्षात ठेवा. जुन्या स्प्लेंडर, सीडी १०० सारख्या गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर नसतो, थेट मॅग्नेटवर चालतो. इंजिन बंद असताना तो लागत नाही, हे बरोबरच आहे. अशा गाडीत बॅटरी तपासायला हॉर्न आणि इंडिकेटर वापरा.

बॅटरी: इथे घाई करू नका

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी चावी न लावता बॅटरीच्या दोन्ही टोकांवर मीटर धरा. १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, मग बाकीची तपासणी; उतरलेल्या बॅटरीवर काढलेला कुठलाच निष्कर्ष खरा नसतो. पूर्ण चार्ज करूनही थोड्या तासांनी १०.५ च्या आसपास येऊन थांबली तर सहापैकी एक सेल मेला आहे. ती बॅटरी गेली. चार्जिंगला पुन्हा पैसे घालू नका.

आता मीटर तसाच धरून सेल्फ दाबा. इथे खरी फोड होते. आकडा ९.५ च्या खाली कोसळला, तर बॅटरीत दम नाही किंवा मोटर आतून जाम होऊन जास्त ओढते. उलट ‘कट्ट’ होतंय, मोटर फिरत नाही, आणि आकडा १२ वरून जेमतेम हलतोय, तर बॅटरीला बोल लावू नका. तिच्याकडून कोणी काही मागतच नाहीये. वाट मध्येच अडलीय.

आणखी एक लक्षण पाहण्यासारखं आहे. सेल्फ दाबून धरला तर इंजिन नुसतं फिरतं, आणि बटण सोडलं त्याच क्षणी फट्ट करून पेटतं. बॅटरीवर चालणाऱ्या सीडीआयच्या गाडीत हे हमखास दिसतं. मोटर सगळा करंट खाते, व्होल्टेज इतकं पडतं की सीडीआयला पुरत नाही. बटण सोडल्यावर व्होल्टेज वर उसळतं आणि फिरत्या इंजिनाला एक ठिणगी मिळते. ह्या गाडीला नवा सीडीआय नको, भरलेली बॅटरी हवी.

पाण्याच्या बॅटरीत पातळी ‘अप्पर’ आणि ‘लोअर’ या दोन रेषांच्या मध्ये हवी. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो, गाडी दिवसभर उन्हात उभी असते. त्या दोन महिन्यांत पातळी दर पंधरा दिवसांनी पाहा. भरायचं ते फक्त डिस्टिल वॉटर. पाणी उजनीचं असो की बोअरचं, त्यातले क्षार प्लेटा खातात. एसीचं पाणीही नको. ते डिस्टिल वॉटरसारखं दिसतं, पण एसीच्या कॉइलवरची धूळ आणि धातू घेऊन येतं. पातळी कमी झाली म्हणून ॲसिड तर कधीच घालू नये. उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं.

चार्जिंगचा हिशोब सोपा: क्षमतेचा दहावा भाग करंट, साधारण दहा तास. ९ अँपिअर-अवरची बॅटरी ०.९ अँपिअरवर. दुकानात ट्रकच्या बॅटऱ्यांच्या रांगेत लावून दोन तासांत ‘फास्ट’ करून दिली, तर प्लेटा वाकतात. पाण्याच्या बॅटरीची झाकणं चार्ज करताना उघडी ठेवा, जवळ बिडी-काडी नको, आणि परत बसवताना तिची बारीक हवेची नळी दबणार नाही ते पाहा.

काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. टोकांवर पांढरी-निळी पूड फुलली असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने धुवा, सुकवा, बोल्ट घट्ट करा आणि वरून व्हॅसलीन लावा. आधी व्हॅसलीन लावून मग बोल्ट आवळायचा नाही.

अर्थिंग

सर्वात जास्त दुर्लक्ष इथे होतं. बॅटरीची काळी जाड केबल कुठे जाते ते हाताने माग काढत पाहा. ती चेसिसला किंवा इंजिनाच्या बोल्टला जाते. तो बोल्ट १० नंबरच्या पान्याने पूर्ण उघडा. केबलच्या टोकाची रिंग हिरवट-तपकिरी दिसली, तर करंट त्या थरातून जातोय. रिंगच्या दोन्ही बाजू आणि चेसिसची जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू दिसू द्या. केबल रिंगमध्ये जिथे शिरते तिथे बोटांनी वाकवून पाहा: कडक, कुरकुरीत लागली, आतून हिरवी पूड सांडली, तर केबलच बदला.

हौसेने नव्याने रंगवलेल्या आरएक्स आणि बुलेटमध्ये हा दोष ठरलेला. पावडर कोटिंग करून आणलेल्या चेसिसवर बोल्ट थेट रंगावर आवळला जातो. रंग वीज नेत नाही. गाडी दिसते झकास, आणि करंट नीट पोचत नाही.

घासल्यावर मोजूनही पाहा. मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ दाबा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग अजून कच्चं आहे. तसंच पॉझिटिव्ह खांब ते मोटरचा बोल्ट: मोटर फिरत असताना अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. बॅटरीकडचं मीटरचं टोक तिच्या बोल्टवर नको, खांबालाच टेकवा. दोष बऱ्याचदा बोल्ट आणि खांब यांच्या मधेच असतो.

फ्यूज, बटण, रिले, मोटर

फ्यूज काढून नुसता डोळ्याने पाहू नका, मीटरच्या बझरवर वाजवून पाहा. केसाएवढी चीर दिसत नाही. फ्यूजच्या जागी सिगारेटची चांदी किंवा तांब्याची तार लावलेली सापडली तर आधी ती काढा. तेवढाच फ्यूज लावा, जेवढा त्या जागी लिहिलेला आहे. नवा फ्यूजही लगेच उडाला तर वायर कुठे तरी चेसिसला टेकतेय. बहुतेक वेळा हँडलच्या गळ्यापाशी, जिथे वायरिंग रोज वळतं, किंवा सीटखाली.

रिलेला दोन जाड आणि दोन बारीक वायरी असतात. बारीक दोन वायरींच्या मध्ये टेस्ट लॅम्प लावा, सेल्फ दाबा. दिवा लख्ख लागतोय पण रिले ‘कट्ट’ म्हणत नाही, तर रिले मेला. दिवाच लागत नाही, तर मागे चला: सेल्फचं बटण, क्लच स्विच, चावी. पल्सरसारख्या गाडीत क्लच लिव्हरखालचा छोटा स्विच धुळीने अडकतो. लिव्हर चार-सहा वेळा झटक्याने दाबून सेल्फ मारून पाहा. बटणाचा डबा उघडायचा तर खाली कपडा अंथरा, आतली स्प्रिंग उडते. तांब्याची पट्टी पॉलिश पेपरने हलकेच घासा, ग्रीस भरू नका.

रिले ‘कट्ट’ म्हणतोय आणि मोटर गप्प, तर रिलेचे दोन जाड बोल्ट जाड पेचकसाने क्षणभर जोडून पाहायचे. त्याआधी गाडी न्यूट्रलला, चावी बंद, पेट्रोल कुठे गळत नाही ना, ते पाहा. चावी बंद असली तरी मोटर फिरते, आणि ठिणगी उडते. पेचकसाची मूठ प्लास्टिकची हवी. मोटर दणक्यात फिरली, तर रिलेचे आतले कॉन्टॅक्ट जळलेत. मोठी ठिणगी आणि मोटर जाम, तर मोटर आतून धरली आहे. ठिणगीच नाही, तर मोटरचे कार्बन (आतल्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) झिजलेत किंवा केबल तुटली.

मोटर उघडताना वॉशरांचा क्रम मोबाईलवर टिपून ठेवा. बोल्टखालचा प्लास्टिकचा वॉशर उलटसुलट झाला की मोटर शॉर्ट. कार्बन नव्याच्या निम्म्यावर आले असतील तर जोडी बदला. आर्मेचरचा, म्हणजे मोटरच्या फिरत्या गाभ्याचा, तांब्याचा भाग काळा पडलेला असतो, तो बारीक पेपरने पुसा आणि पट्ट्यांमधल्या खाचांतली काळी पूड टोकदार काडीने काढा. मोटरमध्ये इंजिन ऑइल सापडलं, तर सील गेलंय. ते न बदलता कार्बन घातले तर तेही भिजून खराब होतील.

सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका. मध्ये पंधरा-वीस सेकंद थांबा.

इंजिन फिरतंय, पण पेटत नाही

प्लग काढा. तो कॅपमध्ये घालून त्याच्या आट्या सिलिंडर हेडला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब. तिथून पेट्रोलची वाफ येते. किक मारा. निळी, जाड, ‘चट्‌’ आवाजाची ठिणगी हवी. पिवळसर, बारीक, कधी येते कधी नाही, अशी ठिणगी उघड्या हवेत दिसली तरी सिलिंडरच्या दाबात विझते. प्लगची फट बहुतेक जुन्या गाड्यांत ०.६ ते ०.७ मिमी. प्लग चांगला आहे की नाही यावर डोकं शिणवू नका. नवा प्लग लावून पाहा, सगळ्यात स्वस्त चाचणी तीच. दोन प्लगच्या पल्सर डीटीएस-आयमध्ये दोन्ही तपासा. एक मेलेला असला तरी गाडी चालू होते, फक्त कष्टाने.

ठिणगी नाही, तर आधी प्लग कॅप. ती वायरवर स्क्रूसारखी बसते. उलटी फिरवून काढा. वायरचं टोक हिरवं-काळं दिसेल. तिथून ५ मिमी वायर कापा, कॅप पुन्हा फिरवून घट्ट बसवा. रेझिस्टरवाल्या कॅपला मीटरवर साधारण ५ किलो-ओहम दिसतात. मीटर हललाच नाही तर कॅप टाकून द्या. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर पंपानंतर गाडी बंद पडली, तर नव्वद टक्के संशय याच कॅपवर ठेवा. अंधारात किक मारून पाहा. उन्हाने तडकलेल्या कॅपमधून किंवा वायरीतून निळे धागे इंजिनाकडे उड्या मारताना स्पष्ट दिसतात.

पुढे जायच्या आधी सीडीआय कुठल्या जातीचा ते ओळखा. जुन्या स्प्लेंडर, सीडी १००, आरएक्स १०० मध्ये तो मॅग्नेटमधल्या स्वतंत्र कॉइलवर चालतो. बॅटरी काढली तरी किकवर गाडी चालते. पल्सरसारख्या गाड्यांत त्याला बॅटरीचे १२ व्होल्ट लागतात. पहिल्या जातीत चावी बंद करणं म्हणजे सीडीआयची एक वायर अर्थला टेकवणं. चावीचा स्विच किंवा किल स्विच आतून ओला झाला, गंजला, तर ती वायर कायमचीच अर्थला टेकते आणि करंट गायब होतो. हीरो होंडामध्ये ही वायर काळी-पांढरी. सीडीआयपाशी ती एकटी सोडवून किक मारा. ठिणगी आली, तर सीडीआय निर्दोष, दोष स्विचमध्ये. अशी गाडी चावीने बंद होणार नाही, तेव्हा गिअर टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडून बंद करा.

दुसऱ्या जातीत सीडीआयच्या सॉकेटवर चावी लावल्यावर टेस्ट लॅम्प लख्ख लागला पाहिजे. मिणमिणला तर चावीचा स्विच किंवा सॉकेट.

रंगांच्या बाबतीत एक इशारा. हीरो होंडात हिरवी वायर अर्थ आणि काळी-पिवळी एचटी कॉइलला (प्लगसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलला) जाणारी. बजाजमध्ये काळी-पिवळी हीच अर्थ. एका कंपनीच्या सवयीने दुसऱ्या गाडीत हात घातला की काम वाढतं. आणि वीस वर्षांत चार हातांखालून गेलेल्या गाडीत रंगावर विसंबूच नका, वायर टोकापर्यंत माग काढा.

मग कॉइल. सॉकेट सोडवून ओहमवर मोजा. पल्सर कॉइल (मॅग्नेटजवळची, ठिणगीची वेळ कळवणारी पिक-अप कॉइल; पल्सर गाडीशी नावाचा संबंध नाही) बहुधा १०० ते ३०० ओहमच्या दरम्यान असते. मॉडेलनुसार आकडा बदलतो, पण मीटर अजिबात हलला नाही किंवा शून्य दाखवलं तर ती गेली. सीडीआयच्या एचटी कॉइलची प्रायमरी एक ओहमच्या आसपास किंवा कमी, सेकंडरी काही किलो-ओहम. सगळी कॉइल ठीक, सगळी सॉकेट साफ, वायर सलग, आणि तरीही ठिणगी नाही, तर आता सीडीआय. तोही विकत आणण्याआधी त्याच मॉडेलच्या चालू गाडीचा दोन मिनिटं लावून पाहा.

सॉकेट ‘साफ’ म्हणजे काय, तेही नीट पाहा. दोन्ही भाग वेगळे करून उन्हात धरा. पितळी पिन पिवळी दिसायला हवी. हिरवी असेल तर घासा, आणि बाजूचं प्लास्टिक तपकिरी वितळलेलं असेल तर तिथे करंट तापतोय. मादी पिन सैल झालेली असते, ती सुईने किंचित दाबली की पकड येते. मोहोळ-वैराग भागात कडब्याच्या किंवा ज्वारीच्या पोत्यांच्या शेजारी गाडी लावणाऱ्यांनी टाकीखालची वायरिंगही पाहावी. उंदीर तिथेच कुरतडतात.

गाडी थंड असताना चालू होते, होटगी रोडपर्यंत जाऊन तापली की बंद पडते, आणि वीस मिनिटं सावलीत उभी केली की पुन्हा चालू: इथे दोन संशयित आहेत. बंद पडल्या पडल्या पेट्रोल टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ करून हवा आत गेली आणि गाडी चालू झाली, तर झाकणाचं भोक बुजलंय, वीज निर्दोष आहे. नाहीतर त्याच क्षणी, गरम असतानाच, ठिणगी आणि कॉइलचे ओहम मोजा. तापल्यावर आतली तार सुटते आणि थंड झाली की जुळते. घरी नेऊन थंड कॉइल मोजली तर ती चांगलीच दाखवणार.

पॉइंटच्या गाड्या, म्हणजे राजदूत, येझदी, जुनी बुलेट, यांना सीडीआयच नाही; उघडझाप करणारी पॉइंटची दोन टोकं ते काम करतात. बुलेटला पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिमी. पॉइंट बारीक पेपरने घासून कोरड्या कागदाने पुसा. पॉइंटवरच मोठी ठिणगी उडते आणि टोकं लवकर जळतात, तर कंडेन्सर बदला.

चालू झाल्यावर लगेच चावी काढू नका

बॅटरी का उतरली ते न शोधता गाडी सोडली तर आठवड्यात तीच तक्रार. रेस थोडी वाढवून बॅटरीवर मीटर धरा: १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. १५ च्या वर गेलं तर आरआर युनिट (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) खराब. ते बॅटरीचं पाणी उकळवून काढेल आणि बल्ब उडवेल. १३ च्या खालीच राहिलं तर आरआर युनिटचं सॉकेट, मग मॅग्नेटची कॉइल. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांत रोज उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या आरआर युनिटवर सुताची भुकटी आणि धूळ थर धरून बसते. त्याच्या पंखांना वारा लागला नाही की ते तापतं. ब्रशने साफ ठेवा. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग येतंय का’ पाहायची जुनी पद्धत सोडून द्या, व्होल्टेज उसळून सीडीआयच मरतो.

चार्जिंग बरोबर आहे आणि तरी दोन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, तर गळती शोधा. चावी बंद करा, निगेटिव्ह केबल सोडवा आणि मीटर १० अँपिअरच्या भोकावर लावून केबल आणि खांब यांच्या मध्ये जोडा. या स्थितीत सेल्फला हात लावू नका, मीटर जळेल. जुन्या गाडीत आकडा जवळजवळ शून्य हवा. डिजिटल मीटरच्या गाडीत काही मिलिअँपिअर चालतात. ५० मिलिअँपिअर गळत असतील तर ९ अँपिअर-अवरची भरलेली बॅटरी साडेसात दिवसांत पूर्ण रिकामी होते, आणि सेल्फ त्याच्या कितीतरी आधी बंद पडतो. आता एक एक सॉकेट सोडवत जा. ज्या सॉकेटला आकडा खाली पडतो, गळती त्याच वायरीवर. सुरुवात नंतर बसवलेल्या वस्तूंपासून करा: मोबाईल चार्जर, चोरीचा अलार्म, म्युझिकल हॉर्न, एलईडी पट्टी. त्या थेट बॅटरीवर जोडलेल्या असतील तर चावीनंतरच्या वायरीवर घ्या, आणि प्रत्येकीला वेगळा फ्यूज द्या.